कोरायझाची तेलयुक्त मृत लस: मुरबाड-शहापूरच्या लेयरवाल्यांसाठी (अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी)

पाचपैकी चार तारे. कोरायझा हा कोंबड्यांचा सर्दीसारखा रोग. तो करणारा, पूर्वी हिमोफिलस म्हणवणारा जिवाणू 2005 पासून ॲव्हिबॅक्टेरियम झाला; रोग तोच. तोंड सुजतं, नाकातून घाण वासाचा शेंबूड, अंडी 10 ते 40 टक्क्यांनी उतरतात. जिवाणूचे ए, बी, सी हे प्रकार सहसा एकमेकांपासून संरक्षण देत नाहीत, म्हणून लेबलवर तिन्ही नसतील तर बाटली घेऊच नका.

पक्ष्यामागे 0.5 मिली, मानेच्या कातडीखाली. दोन डोसांत किमान 4 आठवडे, दुसरा अंड्यावर यायच्या 3-4 आठवडे आधी.

साठवण 2 ते 8 अंशांत. ठाण्याहून मुरबाडला नेताना खरा घोळ होतो: बाटली थेट बर्फाला टेकली की गोठते, तेल-पाणी फुटतं, मग ती फेकायचीच. मध्ये पुठ्ठा घाला. टोचण्याआधी खोलीच्या तापमानाला आणा, हलवत राहा. गार लस घट्ट असते, सिरिंज जड चालते आणि डोस कमी जातो.

एक तारा कापला तो टोचल्या जागी येणाऱ्या गाठीसाठी. सुई स्वतःच्या बोटात गेली तर लेबल घेऊन तडक डॉक्टरकडे जा, बोट वाचवायचं असतं. बरे झालेले पक्षी वाहक राहतात. ते नव्या बॅचमध्ये मिसळू नका.