टर्की व्हेस्ट घेताय? खिसे मोजत बसू नका, बैठक बघा

निकाल आधी सांगतो, पाल्हाळ नंतर. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो वजनासाठी आणि एका भंगार झिपसाठी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असले फोल्डिंग फ्रेमची बैठक असलेले व्हेस्ट आता बऱ्याच कंपन्या काढतात, फरक एकोणीस-वीसचा, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टर्की व्हेस्ट म्हणजे टर्की ह्या मोठ्या जंगली पक्ष्याच्या शिकारीला घालायचा, पाठीवर पिशवी, छातीवर खिसेच खिसे आणि मागे लोंबणारी गादी असा कॅमो (झाडपाल्यात मिसळून जाणाऱ्या) कापडाचा जाकिटासारखा प्रकार. दुकानात गेलात की टॅगवर मोठ्या अक्षरात खिशांचा आकडा छापलेला असतो, कुठे वीस, कुठे पंचवीस, आणि आपण पण बघतो अरे वा एवढे खिसे, आणि घेऊन टाकतो. आणि मग मे महिन्यात जंगलात कळतं की खिशांनी काही होत नाही, अर्ध्या तासात बूड बधिर झालं की माणूस हलतो, आणि हलला की संपलं. टर्कीला वास फारसा येत नाही पण नजर अशी की मान जराशी वळवली तरी चहूबाजूंनी दिसतं, रंगही चांगले ओळखतं. त्यामुळे ही शिकार म्हणजे नव्वद टक्के बसणं आहे. मग पैसे बसण्यावर घालवायचे का खिशांवर, तुम्हीच बघा.

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात शिकार करतो, इथला नियमच असा आहे की वसंतातल्या सीझनमध्ये गॉबलरला, म्हणजे नर टर्कीला, फक्त मादीसारखा आवाज काढून बोलवायचं, दबकत दबकत मागावर जायची परवानगी नाही. सीझन उघडतो १ मेच्या जवळच्या शनिवारी, आणि पहिले दोन आठवडे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी बारापर्यंतच शिकार, त्यानंतरच्या आठवड्यांत संध्याकाळपर्यंत. म्हणजे पहाटे अंधारात जाऊन बसायचं आणि बारापर्यंत तग धरायचा. आता गंमत अशी की पहाटे झाडावरून उतरलेला नर बहुतेक वेळा माद्यांच्या घोळक्यात असतो, तुम्ही कितीही गोड आवाज काढा तो ढुंकून बघत नाही, हातातली सोडून कशाला येईल. पण नऊ-दहानंतर माद्या एकेक करून अंडी घालायला घरट्याकडे सटकतात आणि साहेब एकटे पडतात, तेव्हा तोच नर तुमच्या एका येल्पवर (मादीच्या हाकेवर) चालत येतो. नेमकी हीच वेळ असते जेव्हा बाकीचे लोक पाठ धरली, पाय धरले म्हणून उठून गाडीत जाऊन कॉफी पीत असतात! म्हणून म्हणतो बैठक.

आता ह्या व्हेस्टची बैठक. ॲल्युमिनियमची हलकी फ्रेम आहे, मागून दोन पाय खाली पडतात आणि गादी जमिनीपासून साधारण चार इंच वर राहते. चार इंच ऐकायला काहीच नाही, पण ओली पानं, मुळं, दगड ह्यांच्यापासून सुटका होते आणि मुख्य म्हणजे गुडघे बरोबर उंचीला येतात, डाव्या गुडघ्यावर शॉटगन टेकवली की ती तिथेच राहते, हात भरून येत नाहीत. ह्याहून उंच बैठक घेऊ नका, उंच स्टूलवर माणूस आरामात बसतो पण गुडघ्याचा आधार जातो आणि आकृती पण मोठी दिसते. जुन्या व्हेस्टमध्ये नुसता फोमचा तुकडा असायचा, एक सीझन झाला की चेपून पापड. ह्याचा फोम अजून शाबूत आहे. झाड नसेल तिथेही फ्रेमला पाठ टेकता येते, पण माझं मत विचाराल तर झाड शोधाच, खांद्यापेक्षा रुंद बुंध्याचं, कारण पाठीमागून कोणी दुसरा शिकारी तुमच्या आवाजावर येत असेल तर तो बुंधाच तुम्हाला वाचवणार आहे.

बसताना अजून एक, उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने पक्षी येईल त्या दिशेला तोंड करून बसू नये, डावा खांदा तिकडे करून बसावं. नळी डावीकडे भरपूर फिरते, उजवीकडे फार थोडी. ह्या फ्रेमवर बसल्या बसल्या थोडं फिरता येतं, आवाज न करता, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. गेल्या सीझनला एक गॉबलर बरोबर चुकीच्या बाजूने आला, दिसायच्या आधी त्याचं ड्रमिंग ऐकू आलं. ते ऐकू येतं म्हणण्यापेक्षा छातीत जाणवतं, आधी फुस्स आणि मग खोल घुम्म असं. तो एका जाड ओकच्या मागे गेला तेवढ्यात मी बुडावरच वळलो, फ्रेम कुरकुरली नाही काही नाही, तो बाहेर आला तेव्हा नळी तिकडेच होती. पंचवीस-तीस पावलं. जुन्या गादीवर हे झालं नसतं, पानं वाजलीच असती.

आता खिसे. आहेत तेरा, मला लागतात सहा. छातीवरचे दोन मुख्य खिसे मॅग्नेटने बंद होतात, आणि कृपा करून मॅग्नेटवालाच घ्या. व्हेल्क्रोचा तो चर्रर्र आवाज शांत जंगलात शंभर यार्डांवर जाईल असं वाटतं. पण मॅग्नेटबद्दल एक सूचना कोणी देत नाही ती देतो, पेसमेकर असलेल्यांनी छातीवर मॅग्नेट असलेला व्हेस्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये, आमच्या ग्रुपमधल्या एका आजोबांनी म्हणूनच तो परत केला आणि साध्या बटणांचा घेतला. आणि फोन त्या खिशात ठेवलात तर होकायंत्र वेडंवाकडं दाखवतो, नवीन जंगलात असाल तर फोन खाली पॅन्टच्या खिशात.

बॉक्स कॉलचा (झाकण घासून मादीचा आवाज काढायच्या लाकडी पेटीचा) खिसा लांब आहे आणि आत झाकणावर घट्ट बसणारा इलॅस्टिक पट्टा आहे, चालताना बॉक्स आपोआप कुईकुई करत नाही. हे साधं वाटतं पण निम्म्या व्हेस्टमध्ये हा खिसा ढिला असतो. बॉक्स कॉलचं पेटंट आर्कान्सासच्या हेन्री गिब्सनने १८९७ साली घेतलं, आकार तेव्हापासून थोड्याफार फरकाने तोच आहे, सव्वाशे वर्षांत खिशाचं माप जमू नये म्हणजे कमाल आहे. स्लेट कॉलसाठी (आवाज काढायच्या गोल पाटीसाठी) गोल पॅडेड खिसा आणि शेजारी स्ट्रायकरसाठी, म्हणजे तिच्यावर घासायच्या काड्यांसाठी, तीन उभ्या नळ्या, त्या मस्त. तीन स्ट्रायकर लागतातच, एकाच स्लेटवर हिकरीच्या लाकडाचा काडा वेगळा बोलतो, पर्पलहार्ट नावाच्या जांभळ्या लाकडाचा वेगळा, आणि पाऊस पडला तर कार्बनचाच चालतो. ओली स्लेट मात्र मेली, तिच्यासाठी खिशाला आतून वॉटरप्रूफ अस्तर हवं होतं, नाहीये. मी झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो, सँडपेपरचा तुकडा त्याच पिशवीत. तोंडातल्या डायफ्रॅम कॉलसाठी वर जाळीचा छोटा खिसा आहे, लेटेक्स वाळायला हवा लागतेच त्यामुळे जाळी बरोबर आहे. बंद डबीत ओले ठेवलेत तर रीड (आतल्या लेटेक्सच्या पट्ट्या) एकमेकांना चिकटतात आणि पहाटे बदकासारखा आवाज येतो.

उरलेले सात खिसे कशासाठी आहेत ते कंपनीलाच विचारा.

आता तक्रारी. रिकाम्या व्हेस्टचंच वजन पाच पौंडांच्या वर आहे. त्यात कॉल, पाणी, दोन डिकॉय (नकली टर्की), डासांचं औषध घातलं की दहा-बारा होतात, वर शॉटगन. आम्ही डोंगराच्या धारेवर चढून जातो, एवढं वजन जाणवतं. कंबरेचा पट्टा नीट आवळला तर भार खांद्यावरून उतरतो, पण बरेच लोक तो पट्टा बांधतच नाहीत आणि मग खांदे दुखले म्हणून रिव्ह्यूमध्ये शिव्या देतात. जे सतत चालतात, टेकडीवर जाऊन आवाज द्यायचा, उत्तर नाही आलं की पुढची टेकडी, त्यांनी हा घेऊच नये, त्यांना साधा पट्ट्याचा हलका व्हेस्ट आणि एक फोमची गादी पुष्कळ झाली. दुसरी तक्रार मागच्या पिशवीची झिप, पहिल्याच सीझनला दात सुटले. दुकानात घेऊन गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणे तुम्ही जास्त भरलं असेल. अहो ती पक्षी ठेवायचीच पिशवी आहे, पूर्ण वाढलेला नर अठरा-वीस पौंडांचा असतो, मग काय चिमणी ठेवायची त्यात? शेवटी नवी झिप बाहेरून लावून घेतली, आता ठीक आहे.

त्याच पिशवीतून एक भडक केशरी झडप बाहेर निघते, आणि ह्या गोष्टीसाठी मी अर्धा स्टार परत द्यायला तयार आहे. इथे वसंतात केशरी घालणं सक्तीचं नाही, पण चालताना घालावं असा सल्ला दिला जातो, आणि मारलेला पक्षी पाठीवर घेऊन कॅमोमध्ये जंगलातून चालणं म्हणजे स्वतःला टर्की म्हणून मिरवणं. लाल, पांढरा, निळा हे तीन रंग अंगावर कुठेच नकोत, मोज्यात नको, रुमालात नको, नराच्या डोक्याचे रंग तेच. आणि दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज काढायचा नाही, हललं की आधी हात दिसतो माणूस नंतर. सरळ मोठ्याने हाक मारायची. पक्षी गेला तर गेला.

ग्रुपने जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. आम्ही बहुतेक वेळा दोघं दोघं बसतो, बंदूकवाला पुढे आणि आवाज काढणारा त्याच्या मागे तीस-चाळीस यार्डांवर, कारण नर आवाजाच्या जरा अलीकडे थांबून मान उंचावतो आणि मादी दिसायची वाट बघतो. तो जिथे थांबतो तिथे बंदूक पाहिजे. तर बैठकीचा व्हेस्ट पुढच्याला द्या. मागच्याला हलता येतं, तो थोडा सरकून, पानं उकरून खरी मादी असल्यासारखं करू शकतो, उलट हललेलं बरं. दोघांना दोन महागडे व्हेस्ट घ्यायची काही गरज नाही. आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून रूस्ट, म्हणजे टर्की रात्री झोपतात ते झाड, बघून ठेवायचं, घुबडाचा आवाज दिला की झाडावरचा नर चिडून गॉबल देतो, दिशा कळली की गुपचूप परत. ह्या कामाला व्हेस्ट घालूच नका, घुबडाची शिट्टी खिशात बास.

गोचिडी. गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाच्या केसेसमध्ये पेनसिल्व्हेनिया कायम वरच्या नंबरांत असतो आणि आपण तासन्तास पाचोळ्यात बसतो, म्हणून व्हेस्ट, गादी, पट्टे सगळ्यावर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून सावलीत पूर्ण वाळवायचा आणि मगच घालायचा. अंगावर मारायचं नाही, फक्त कापडावर. घरात मांजर असेल तर ओला व्हेस्ट तिच्यापासून लांब, तिला ते विषारी आहे. ह्या व्हेस्टचं कापड ते औषध चांगलं धरतं, रंग उडाला नाही.

किमतीचं म्हणाल तर मला सेलमध्ये १६० डॉलरला पडला, एरवी दोनशेच्या आसपास. महाग आहे का? आहे. पण लोक टंगस्टनच्या काडतुसांवर काय पैसे ओततात ते बघा, एकेक बार दहा डॉलरच्या पुढे. टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून जड, बारीक छर्रे लांबवर घट्ट जातात हे खरं, आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्याच कामाला लागतो हेही चांगलंच. पण शिशाची काडतुसं, फुल चोक (छर्रे पसरू न देणारं नळीचं अरुंद तोंड) आणि चाळीस यार्डांवर कागद लावून आधी तपासून घेतलं, दहा इंचांच्या गोलात शंभरेक छर्रे बसले, की झालं. स्वस्त काडतूस आणि चांगली बैठक घेणारा माणूस पक्ष्याला पंचवीस यार्डांवर येऊ देतो. महाग काडतूसवाला साठ यार्डांवर बार टाकून जखमी करतो, असले बघितलेत मी.

साइजचं लक्षात ठेवा, मेच्या पहाटे थंडी असते, आत जाकीट असतं, त्यामुळे नेहमीपेक्षा एक साइज मोठा घ्या आणि दुकानात जमिनीवर खरंच बसून बघा, लोक बघतील तर बघू दे. बसल्यावर छातीचे खिसे हनुवटीला लागत असतील तर तो व्हेस्ट तुमचा नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये घेऊ नका, तेव्हा कोणी एक डॉलर कमी करत नाही. सीझन संपला की जूनमध्ये बघा, फक्त मोठे साइज आधी संपतात.