बांधाला करवंद लावायचं, पण कोणतं? रानचं काळं की नर्सरीतलं गुलाबी

तारेचं कुंपण परवडत नाही म्हणून बांधाला करवंद लावायचं ठरतं, माणूस नर्सरीत जातो आणि करवंद म्हणून चार रोपं घेऊन येतो. तीन वर्षांनी फळ धरतं तेव्हा कळतं, हे डोंगरावरचं काळं करवंद नव्हेच. हे टपोरं, पांढरट, गुलाबी छटेचं; उत्तरेत ज्याला करौंदा म्हणतात ते. झाडं सारखीच दिसतात. तोच पांढरा चीक, तीच जाड चकचकीत पानं, जाईसारखी वासाची फुलं, आणि काटे दोन्हीकडे तसेच. फरक पडतो तो फळात आणि हंगामात.

तोंडात टाकायला हवं असेल तर काळ्याला तोड नाही. एप्रिल-मेमध्ये जाळ्या काळ्याभोर होतात. बाजारात पळसाच्या द्रोणात 'डोंगरची काळी मैना' येते ती हीच. अर्धं चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ लहानपणी कोण खेळलं नाही? गुलाबी करवंदावर तो खेळायला जाल तर दात आंबतील. ते स्वयंपाकघराचं फळ आहे: लोणचं, चटणी, मुरांबा, जेली. केकवर आणि पानात लालभडक 'चेरी' लावतात ना, तीही पुष्कळदा बी काढून पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंदच असतं.

हंगामाकडे मात्र लोक बघतच नाहीत. गुलाबी वाण साधारण जुलै ते सप्टेंबरात तयार होतात. मुलंबाळं फक्त मे महिन्यात गावी येत असतील तर गुलाबी लावून काय उपयोग? आणि काळ्याचं उलट: पहिला जोराचा पाऊस झाला की चव गेली, फळात अळ्या झाल्या, हंगाम संपला. लोणच्याला कच्ची फळं दोन्हींची चालतात. चिरताना हाताला आणि विळीला तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही.

कुंपण म्हणून मी डोळे झाकून काळं सांगेन. कातळावर, मुरमात, उन्हाळाभर पाण्याशिवाय डोंगरावर उभं राहणारं झाड आहे ते. दोन्हींना एकच गोष्ट सोसत नाही, मुळाशी साचलेलं पाणी. भाताच्या खाचरालगत लावायचं असेल तर बांधाच्या माथ्यावर लावा. कुंपणाला दोन रोपांत दोन-तीन फूट पुरे. फळासाठी सुटी झुडपं हवी असतील तर सात-आठ फूट सोडा. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या आणि शेळ्या लांब ठेवा. काटा टणक व्हायच्या आधीचा कोवळा शेंडा त्या सोडत नाहीत. वर्षभराने शेंडा गुडघ्याखाली छाटला तर झुडूप बुडापासून फुटतं. तसं केलं नाही तर वर दाट आणि खाली कुत्रं जाईल एवढी भोकं.

छाटणीचा माझा एक मूर्खपणा सांगतो. एका डिसेंबरात सगळी जाळी कात्रीने सरळ रेषेत कापून घेतली. दिसायला छान दिसली. मे महिन्यात मूठभर करवंदं मिळाली. फुलोरा फांद्यांच्या टोकाला येतो, आणि ती टोकंच मी कापून टाकली होती. छाटायचं ते फळं उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर.

रोपांच्या बाबतीत काळं जवळजवळ फुकट आहे, पण मेहनत मागतं. मे महिन्यात चार जाळ्यांची फळं चाखा, गोड निघेल तिला चिंधी बांधून ठेवा. त्याच फळांचं बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरा. जुनं बी उगवत नाही. बियांच्या रोपांत फळ आईसारखंच येईल याची हमी नाही, ती हवी तर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून तिचं रोप करा. गुलाबीत उत्तराखंडातल्या पंतनगर कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन या जाती नावाजलेल्या आहेत. दोन्हींच्या मधला रस्ताही आहे: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड', मोठ्या फळाची. ती मिळाली तर मी दुसरीकडे बघणार नाही.

गच्चीवर मोठ्या कुंडीत एकच झाड लावायचं असेल तर गुलाबी घ्या. फळं लटकलेली दिसायला सुरेख दिसतात, आणि एका झाडाचं लोणचं घरापुरतं होतं. घरात रांगतं मूल असेल तर दोन्ही नकोत.

नर्सरीत फळाचा रंग विचारा, रोप बियांचं की गुटीचं तेही विचारा. "करवंदच आहे साहेब" एवढ्या उत्तरावर रोप गाडीत टाकू नका.