एका दिवसाचा प्रथमोपचार वर्ग: बाहुलीवरचा सराव छान, विजेच्या शॉकचा भाग कच्चा

मी वायरमन आहे. बावीस वर्षं झाली या धंद्यात. गेल्या महिन्यात एका दिवसाच्या प्रथमोपचार वर्गाला जाऊन आलो. कुणी पाठवलं नव्हतं, स्वतःहून गेलो. का, ते पुढे सांगतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण जे खटकलं तेही लिहायचं आहे.

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आम्ही चोवीस जण. गाड्या चालवणारे पाच-सहा, शाळेतल्या दोन मावशी, वॉचमन, जिममधला एक पोरगा, आणि घरात आजारी माणूस असलेली मंडळी. शिकवणाऱ्या बाई निवृत्त सिस्टर, सगळी नोकरी कॅज्युअल्टीत गेलेली. सुरुवातीलाच प्रोजेक्टर बंद पडला. प्लगची पिन लूज आहे हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. पण पडद्यावरचं वाचून दाखवणं थांबवून बाई बोलायला लागल्या आणि ते इतकं चांगलं होतं, की मी गप्प बसलो.

त्यांनी विचारलं, "ॲम्ब्युलन्स यायला तुमच्याकडे किती वेळ लागतो?" कुणी म्हणालं वीस मिनिटं, कुणी पाऊण तास. एक ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आमच्याकडे मीच ॲम्ब्युलन्स." सगळे आकडे त्यांनी फळ्यावर लिहिले आणि शेजारी एक ओळ लिहिली: हृदय थांबल्यावर कुणीच काही केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी उतरते. "आता वजाबाकी तुम्हीच करा," म्हणाल्या. वर्गात कुणी बोललं नाही.

मग सीपीआरच्या, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबायच्या सरावाच्या बाहुल्या काढल्या. काढल्या म्हणजे काय, दोनच होत्या आणि त्यातली एक आजारी. पाच सेंटिमीटर दाबलं की बाहुलीच्या आतून 'टक्' असा आवाज यायला हवा. एकीतून येत होता, दुसरीची स्प्रिंग गेलेली. त्यामुळे अर्ध्या वर्गाला आपण पुरेसं दाबतोय की नाही हे कळलंच नाही. चोवीस माणसांना एक धड बाहुली, ही या वर्गाची सगळ्यात मोठी उणीव. तरीही प्रत्येकाकडून पूर्ण दोन मिनिटं दाबून घेतलं, त्याचं श्रेय बाईंना. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने, कोपर ताठ ठेवून. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटरच्या वर पण सहाच्या आत, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. मी दिवसभर हॅमर ड्रिल धरणारा माणूस, पण दीड मिनिटाला माझे खांदे भरून आले. जिमवाल्या पोराची तर फजितीच झाली, तो दंडाच्या ताकदीने दाबत होता. शाळेतल्या मावशींनी मात्र अंगाचा सगळा भार टाकून घड्याळाच्या ठोक्यासारखं दाबलं. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, तो का, हे तिथे हातांनाच कळतं.

तोंडाने श्वास द्यायला संकोच वाटत असेल किंवा येत नसेल तर नुसतं दाबत राहा, असं त्यांनी सांगितलं. पण बुडालेला माणूस आणि लहान मूल यांना श्वासाचीही गरज असते, हेही बजावलं.

आता मी का गेलो ते.

दोन वर्षांपूर्वी एका साइटवर माझा हेल्पर ड्रिल मशीनला चिकटला. वायरचं इन्सुलेशन कापलेलं, खाली ओल, आणि तात्पुरत्या बोर्डाला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की आपोआप सप्लाय तोडणारा स्विच, नव्हता. तीस मिलीअँपिअरचा असता, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याने सप्लाय तोडला असता. बोर्ड माझाच होता. मी मेन पाडला, पोरगा खाली कोसळला. घशातून घरघर येत होती, मध्येच थांबायची, परत एक आचका. आम्ही चौघं म्हणालो, श्वास चालू आहे. तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, टेम्पोत घातला. पोचायला चाळीस मिनिटं लागली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर एकच, तोही वरच्या मजल्यावर बाळंतपणात अडकलेला. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता, पण तो उघडायचा पाना सापडेना. तिथल्या सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. मी माझ्या पिशवीतला ॲडजस्टेबल पाना दिला. पण तोवर काही उरलं नव्हतं.

वर्गात बाईंनी 'बेशुद्ध माणसाचा श्वास कसा ओळखायचा' हे शिकवताना स्वतःच्या घशातून एक आवाज काढून दाखवला. घरघर, मग थांबणं, मग आचका. "हा श्वास नाही," म्हणाल्या. "हृदय थांबल्यावर काही मिनिटं असं होतं. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही आणि श्वास असा, तर वाट बघायची नाही, दाबायला लागायचं." मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. थोड्या वेळाने बाई आल्या, काही विचारलं नाही, पाण्याची बाटली दिली आणि आत गेल्या. माझ्यापुरता अख्खा दिवस त्या एका आवाजासाठी होता.

म्हणूनच शॉकच्या भागाने माझी निराशा केली. जेमतेम चार मिनिटं. "लाकडी काठीने बाजूला ढकला, पुढे चला." मी हात वर केला. घरगुती २३० व्होल्टला कोरडी काठी चालेल, तीसुद्धा मेन पाडता येत नसेल तरच. नुसता स्विच बंद करून हात लावायचा नाही. फेजच्या (जिवंत) वायरऐवजी न्यूट्रलवर घातलेले स्विच मी किती घरांत पाहिलेत त्याला हिशोब नाही, आणि तिथे स्विच बंद केला तरी वायर जिवंतच राहते. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा. पण ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची तार तुटून पडली असेल तर काठी, बांबू, रबरी चप्पल, सगळं विसरायचं. निदान दहा मीटर लांब राहायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि सप्लाय बंद झाल्याचं लाइनमनने सांगेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. तारेच्या जवळ आधीच उभे असाल तर दोन्ही पाय जोडून, जमिनीला घासत बारीक सरकत बाहेर यायचं, कारण दोन पावलांमधल्या जमिनीतही व्होल्टेजचा फरक असतो. काठी घेऊन धावलेला दुसरा माणूस गेला, असे प्रकार आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत.

आणखी एक राहिलं. शॉक लागलेला माणूस उठून बसला, बोटावर नुसता काळा ठिपका दिसतोय, म्हणून त्याला घरी पाठवू नये. करंट आतून भाजत जातो, बाहेरून कळत नाही. छातीत धडधड, शुद्ध हरपलेली किंवा लघवीचा रंग गडद झाला असेल तर तातडीने डॉक्टर गाठायचा आणि ईसीजी काढायचा. बाईंना हे माहीत होतं, त्यांच्या पुस्तिकेत नव्हतं.

गंमत अशी, की छाती दाबायची ही आजची विद्या आली आमच्याच धंद्यातून. घरी येऊन वाचलं तेव्हा मी उडालोच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. शॉकने लाइनमन मरत होते म्हणून वीज कंपन्यांनीच त्यांच्या संशोधनाला पैसे दिले होते. प्रयोगात कुत्र्याच्या छातीवर डिफिब्रिलेटरचे (हृदयाला विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचे) जड पॅडल दाबले, की करंट द्यायच्या आधीच रक्तदाब वर जातो, हे त्यांच्या जोडीच्या गाय निकरबॉकर यांनी टिपलं. सर्जन जेम्स ज्यूड यांना घेऊन तिघांनी १९६० साली ते छापलं. १९६७ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये रँडल चँपियन नावाचा लाइनमन शॉक लागून खांबावरच लटकला, तेव्हा जे. डी. थॉम्पसन या त्याच्या जोडीदाराने वरच त्याला तोंडाने श्वास दिला. तो माणूस वाचला, आणि त्या क्षणाच्या फोटोला पुढच्या वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं पारितोषिक मिळालं. बाईंना हे फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अहो, मग शॉकला चार मिनिटं देऊन मी तुमच्या घराण्याचा अपमानच केला की."

बाकीचं थोडक्यात. रक्तस्रावाचा भाग उत्तम. नळीतून लाल पाणी सोडून आमच्याकडून खरंच दाबून घेतलं. कापड उचलून सारखं बघायचं नाही, हे तेव्हा कळतं. हातापायातून उसळणारं रक्त दाबूनही थांबत नसेल तरच पट्टा आवळायचा, जखमेच्या वरच्या बाजूला (हृदयाकडे), सांध्यावर नाही, आणि किती वाजता बांधला ते लिहून ठेवायचं. भाजलेल्यावर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा घालायचा नाही, यावर एका आजोबांनी बराच वाद घातला. बाई हरल्या नाहीत, आजोबाही हरले नाहीत.

मला आवडलेला आणखी एक भाग म्हणजे फोन. दोघादोघांना उभं करून फोन करायला लावला. आधी जागा आणि खूण, मग किती माणसं, शुद्धीवर आहेत का, श्वास आहे का. आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. चोवीसपैकी एकोणीस जणांनी सुरुवात "लवकर या हो" अशी केली आणि पत्ता सांगायचाच विसरले. मीही त्यातलाच. शिवाय हॉस्पिटलच्या दारात तीन वाक्यांत काय सांगायचं तेही घोटून घेतलं: काय झालं, किती वाजता झालं, आम्ही काय केलं. जिथे एक सिस्टर चार खाटा सांभाळते तिथे ही तीन वाक्यं म्हणजे मोठी मदत, असं त्या म्हणाल्या.

छापील पुस्तिका मात्र बदला. 'हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवन' असं लिहिलंय. आमच्या वॉचमनला तो आयुर्वेदातला काढा वाटला. सीपीआर म्हणा, सगळ्यांना कळतं. चित्रंही झेरॉक्सची झेरॉक्स, हात कुठे आणि छाती कुठे ते ओळखू येत नाही. भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र मात्र गुळगुळीत कागदावर, सोनेरी अक्षरांत.

एका दिवसात काय होणार, असं माझा मेहुणा म्हणाला. त्याला म्हटलं, युगांडाच्या कंपालात २००८ साली टॅक्सीचालक, पोलिस आणि वस्तीतले पुढारी यांना असंच एका दिवसाचं शिक्षण दिलं होतं, कारण अपघातात सगळ्यात आधी पोचणारे तेच. खोट आहे ती शिकलेलं विसरण्यात. तीन-सहा महिन्यांत हात विसरतात, हे बाईंनी स्वतः कबूल केलं. पण उजळणीची तारीख काही दिली नाही. सहा महिन्यांनी अर्धा दिवस परत बोलवा, मी फुकट येईन आणि माझ्या हाताखालची चार पोरंही आणीन.

पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो बाहुली, पुस्तिका आणि शॉक यांचा.

हे सगळं मी बाईंना फोनवर सांगितलं होतंच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पुढच्या बॅचला शॉकचा अर्धा तास तुम्हीच घ्या." आता एका प्लायवूडवर मेन, इन्व्हर्टर आणि न्यूट्रलवर घातलेला स्विच असा बोर्ड जोडतोय, आरसीसीबी त्यात पहिला बसवला. आजारी बाहुली परवा घरी आणली होती. जुन्या स्टॅबिलायझरमधली एक स्प्रिंग जरा कापून बसवली. टक् वाजतंय.