वर्गासाठी व्हॉट्सॲप ग्रुप की ब्लॉग?

नवं सत्र लागलं की एम.ए.च्या वर्गाचा ग्रुप आपोआप उभा राहतो. मग ब्लॉगचा व्याप कशाला, असं विचारणारे सहकारी चुकत नाहीत. निरोपासाठी ग्रुपला तोड नाही. आज तास नाही, हे काटोल-उमरेडच्या मुलांना बसमध्ये चढण्याआधी कळायला हवं.

अभ्यासाचं लेखन मात्र तिथे टाकून बघा. नागपुरातल्या सीताबर्डीच्या १८१७च्या लढाईवर कुणी दोन पानी टिपण टाकतं, खाली वीस अंगठे, दोन वाढदिवस, आणि संध्याकाळपर्यंत टिपण गडप. शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांच्या हाती. मुलींची याबद्दलची कुरकुर खरी आहे.

ब्लॉगवर त्याच टिपणाला कायमचा पत्ता मिळतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, लोकांसाठी मोजकेच दिवस उघडतो. जुलैत पुस्तकावरून लिहिलेलं टिपण १५ ऑगस्टला किल्ला पाहून आलेली मुलगी दुरुस्त करू शकते आणि पुढची तुकडी तिथून पुढे लिहू शकते.

पण चाळीस मुलांचे चाळीस ब्लॉग रोज उघडणार कोण? इथे फीड, म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या लेखनाची आपोआप अद्ययावत होणारी यादी, कामी येतं. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या ब्लॉगसेवा ते स्वतःच तयार करतात. ब्लॉगचा पत्ता एकदा फीड रीडरमध्ये, म्हणजे अनेक फीड एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये, टाकला की नवं लेखन तुमच्याकडे चालत येतं. १ जुलै २०१३ला गूगल रीडर हा गूगलचा फीड रीडर बंद पडला, तेव्हा फीडही संपलं असा बऱ्याच जणांचा समज झाला. पण फीडली, इनोरीडर हे फीड रीडर आजही चालतात. तुमची ब्लॉगांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशा याद्यांसाठीचा फाइलप्रकार) काढून दुसरीकडे नेता येते, म्हणून एकाने दुकान गुंडाळलं तरी फारसं बिघडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. चारचौघांत चुका दिसतील म्हणून मुलं बिचकतात, आणि ब्लॉग खासगी ठेवला तर फीड रीडरला तो वाचता येत नाही. माझ्या मते वर्गाचा एकच ब्लॉग काढावा, मुलांना लेखक म्हणून जोडावं, टोपणनावाची मुभा द्यावी. चाळीस पत्त्यांची कटकटही मिटते; फीड एकच.

गुण आणि मुदती? त्या गूगल क्लासरूममध्येच बऱ्या.

सत्रात एकच निबंध घ्यायचा असेल तर ब्लॉगच्या नादी लागू नका. चार-पाच वेळा लिहून घेणार असाल, तरच काढा. आणि पहिल्या लेखांखाली तुमच्या दोन ओळी आठवड्याच्या आत दिसू द्या, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथे कुणी फिरकत नाही.