गहू, तांदूळ की केराटिन? कंडिशनरमध्ये कुठलं प्रोटीन घालावं

नाशिकमध्ये घरी कंडिशनर, फेसवॉश बनवून प्रदर्शनांत विकणाऱ्यांना कच्च्या मालाच्या यादीत तीन नावं हमखास दिसतात: हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, राइस प्रोटीन आणि केराटिन. आमचं मत आधीच सांगतो. ब्लीच, कलर किंवा स्मूदनिंग झालेल्या केसांच्या कंडिशनरला गहू, चेहऱ्याला लागणाऱ्या वस्तूंना तांदूळ.

गव्हातलं ग्लूटेन, म्हणजे त्यातलं मुख्य प्रोटीन, पाण्यात विरघळत नाही. आम्ल, अल्कली किंवा एन्झाइमने त्याच्या साखळ्या तोडल्या (हेच ‘हायड्रोलाइज्ड’) की ते विरघळतं आणि केसांवर पातळ थर धरतं. हा थर ओलावा टिकवतो आणि खरखरीत केस मऊ लागतात. तांदळाचा थर हलका असतो. बारीक, तेलकट केसांना तो बरा, पण ब्लीच झालेल्या केसांना अपुरा पडतो. केराटिन लोकर किंवा पिसांपासून काढतात. केसांशी त्याचं नातं जवळचं, पण जैन आणि शाकाहारी ग्राहक विचारणारच, तेव्हा लेबलवर स्रोत स्पष्ट लिहावा. पार्लरमधल्या ‘केराटिन ट्रीटमेंट’शी त्याची गल्लत नको, तिथे केस सरळ होतात ते मुख्यतः फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या रसायनांनी किंवा ग्लायऑक्सिलिक आम्लाने आणि इस्त्रीच्या उष्णतेने.

गव्हाची खरी काळजी अ‍ॅलर्जीची. जपानमध्ये एका फेशियल साबणात 0.3 टक्के गहू प्रोटीन होतं, पण त्याच्या साखळ्या फार मोठ्या होत्या. रोज चेहऱ्यावर फेस चोळून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. आधी पोळी-ब्रेड बिनधास्त खाणाऱ्यांच्या पापण्या सुजू लागल्या, अंगावर गांधी उठू लागल्या. युरोपने पुढे मर्यादा घातली: पेप्टाइडचं, म्हणजे प्रोटीनच्या तोडलेल्या तुकड्यांचं, सरासरी आण्विक वजन 3,500 डाल्टनपेक्षा (रेणूचं वजन मोजायचं एकक) जास्त नको. विक्रेत्याकडून हा आकडा असलेला कागद मागा. मिळाला नाही तर माल घेऊ नका. हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावलेली पॅच टेस्ट इथे पुरत नाही, कारण अशी अ‍ॅलर्जी महिनोन्‌महिने वापरानंतर तयार होते. गव्हाची अ‍ॅलर्जी आधीच असलेल्यांनी तर टेस्टसुद्धा करू नये. सिलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा, प्रश्न वेगळा: तिथे धोका पोटात जाण्याचा, म्हणून लिप बाममध्ये गहू नकोच.

आता प्रमाण. द्रव प्रोटीनमध्ये घन भाग साधारण 20 ते 25 टक्के असतो, बाकी पाणी. 100 ग्रॅम कंडिशनरसाठी पाणी 88, सेटिल अल्कोहोल (मेणासारखा घट्टपणा देणारं) 5, बीटीएमएस (केस मऊ करणारा, मिश्रण एकजीव ठेवणारा घटक) 4, द्रव प्रोटीन 2 आणि फिनॉक्सीइथेनॉलवर आधारलेलं प्रिझर्व्हेटिव्ह 1 ग्रॅम. पाणी एकीकडे आणि सेटिल अल्कोहोल-बीटीएमएस दुसरीकडे असं 70-75 अंशांवर वेगवेगळं तापवून ब्लेंडरने एकजीव करा. 40 अंशांखाली आल्यावर प्रोटीन आणि प्रिझर्व्हेटिव्ह घाला, मग लॅक्टिक आम्लाने पीएच 4.5 च्या आसपास आणा.

सर्वांत जास्त घोळ पावडरमध्ये होतो. द्रवाचंच 2 ग्रॅम प्रमाण पावडरला लावलं की प्रोटीन चार-पाच पट होतं आणि केस काथ्यासारखे ताठ, तुटके होतात. पावडर अर्धा ग्रॅम पुरे. दुसरी चूक प्रिझर्व्हेटिव्हमध्ये हात आखडता घेण्याची. प्रोटीन हे जंतूंचं खाद्य आहे. उन्हाळ्यात बाटली आंबते, वास बदलतो. तिसरी, शाम्पूत साधं गहू प्रोटीन घालण्याची: त्यातलं बरंच पाण्याबरोबर वाहून जातं. शाम्पूलाच हवं असेल तर धन भार असलेलं क्वाटर्नाइज्ड गहू प्रोटीन घ्या, ते खराब झालेल्या केसांना धरून राहतं.

बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत केस ताठ होण्याचं खापर लगेच प्रोटीनवर फुटतं. आधी ईडीटीए (क्षार धरून ठेवणारं रसायन) असलेल्या शाम्पूने एकदा केस धुवायला सांगा. मऊ झाले तर दोष क्षारांचा, नाही झाले तर प्रोटीन कमी करा.