दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक: दोन तास हाताशी ठेवूनच जा

इंडिया गेट बघायला आलेली बहुतेक मंडळी शेजारच्या युद्ध स्मारकासाठी जेमतेम अर्धा तास ठेवतात, आणि तिथेच चुकतं. इंडिया गेटवरचे दिवे लागेपर्यंत बाहेर रेंगाळलात तर स्मारकाची वेळ संपलेली असते: नोव्हेंबर ते मार्च साडेसहा, एरवी साडेसात. सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी आत शिरा, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमाराचा रिट्रीटचा, म्हणजे ध्वज उतरवण्याचा, सोहळाही मिळतो. प्रवेश मोफत आहे. मेट्रोनं आलात तर केंद्रीय सचिवालय किंवा खान मार्केट स्थानकापासून साधारण दोन किलोमीटर अंतर उरतं. सोबत वयस्कर माणसं असतील तर रिक्षाच बरी. सव्वीस जानेवारीच्या आसपास या भागात बंदोबस्त असतो, ते दिवस टाळा.

रचना चार वर्तुळांची आहे: बाहेर झाडांचं रक्षक चक्र, मग त्याग चक्र, वीरता चक्र आणि मधोमध अमर चक्र. लोक थेट मधल्या साडेपंधरा मीटरच्या स्तंभाकडे जातात, ज्योतीचे फोटो काढतात आणि परत फिरतात. खरा ऐवज मधल्या दोन वर्तुळांत आहे.

त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावं कोरलेली आहेत. 25 फेब्रुवारी 2019 ला उद्घाटन झालं तेव्हा ती 25,942 होती. गावातल्या किंवा नात्यातल्या कुणाचं नाव शोधायचं असेल तर नुसत्या नाव-आडनावावर जाऊ नका, एकाच नावाचे अनेक जण निघतात. हुद्दा, पलटण आणि वर्ष घरूनच लिहून न्या, शक्य तर लष्करी क्रमांकही. शिळेवर गाव नसतं, ही उणीव मात्र मनापासून खटकते.

वीरता चक्रात ब्राँझची सहा भित्तिशिल्पं आहेत, प्रत्येक एका लढाईचं किंवा मोहिमेचं: गंगासागर, लोंगेवाला, तिथवाल, रेझांग ला, ऑपरेशन मेघदूत आणि ऑपरेशन ट्रायडंट. ती धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार यांची. रेझांग लापाशी जास्त वेळ थांबा. 18 नोव्हेंबर 1962 ला चीनशी लढताना मेजर शैतान सिंग यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या कंपनीतले शंभराहून अधिक जवान तिथे पडले, हे ठाऊक असलं की ते शिल्प वेगळं दिसतं.

परमयोद्धा स्थळ बहुतेकांचं राहून जातं, ते चुकवू नका. परमवीर चक्राच्या 21 मानकऱ्यांचे अर्धपुतळे तिथे आहेत. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे शोधा. खडकीला केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे हे अधिकारी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत पुढे सरकले, चालत्या रणगाड्याखाली सरपटत, दोरीनं चालकाला इशारे देत. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल हे दोघेही पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे. एक 1965 मध्ये कामी आले, दुसरे 1971 मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी.

दगडी फरशी उन्हाळ्यात चांगलीच तापते आणि आतल्या वर्तुळांत सावली कमी, त्यामुळे एप्रिल ते जूनमध्ये संध्याकाळ जमणार नसेल तर सकाळी नऊलाच पोचा. रणगाडे किंवा विमानं बघायची हौस इथे भागणार नाही. विमानांसाठी पालमचं हवाई दलाचं संग्रहालय आहे, आणि रणगाड्यांसाठी दिल्लीला यायची गरजच नाही, अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आपल्याच राज्यात आहे.