एमजीबीला स्टेनलेस सायलेन्सर बसवला, त्याला आता अकरा महिने झाले

माझ्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा, मूळ सायलेन्सर काढून अकरा महिने झाले. तेव्हापासून गाडी सुमारे ६,००० किलोमीटर फिरली. पहिले तीन महिने मी चुकीचे भाग लावून काढले. हाच बदल कुणी करणार असेल तर त्याचे ते तीन महिने वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी १९६७ ची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची. १७९८ सीसीचं बी-सीरिज इंजिन, हवा-पेट्रोल मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर. सायलेन्सरचा मागचा डबा बाहेरून धडधाकट दिसायचा, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. डबा आतून कुजला होता. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन नळीत येतं. लांब पल्ला असेल तर नळी तापते आणि वाफ निघून जाते. दहा मिनिटं फिरवून गाडी परत झाकून ठेवली, की तेच पाणी मागच्या डब्यात साचतं. जपून ठेवलेल्या गाडीचा सायलेन्सर आधी जातो, तो यामुळे.

एवढं उघडलंच आहे तर सगळं बदलू, असं मनात आलं. इंजिनाचा धूर गोळा करून नळीत सोडणारा बिडाचा मूळ मॅनिफोल्ड काढून त्याच्या जागी वेगवेगळ्या नळ्यांचा हेडर आणला आणि मागे एकाच डब्याची स्टेनलेसची सिस्टिम जोडली. पुढच्या डब्याच्या जागी नुसती सरळ नळी.

पहिल्या दिवशी आवाज ऐकून खूप आनंद झाला. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक ऐकू यायला लागली. आधी वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतायत. टॅपेटची फट तपासली, ती बरोबर होती. मग इंजिन थंड असताना सुरू करून मागच्या नळीच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबून धरायला लावलं आणि मी बॉनेटखाली कान लावला. मॅनिफोल्डपाशी स्पष्ट फुसफुस. टॉर्च मारली तर एका वॉशरच्या कडेने हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, काजळीचा बोटाच्या पेराएवढा काळा ओघळ उमटला होता.

या इंजिनात इनटेक (मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला बसतात, आणि काही जाड वॉशर एकाच वेळी दोन्हींच्या कडा दाबतात. दोन्ही कडांची जाडी सारखी असेल तरच वॉशर सपाट बसतो. माझ्या हेडरची कड इनटेकच्या कडेपेक्षा पातळ होती. वॉशर तिरका बसला, इनटेक घट्ट दाबला गेला आणि एक्झॉस्ट सैल राहिला. नट कितीही आवळला तरी काही फरक पडणार नव्हता. हेडर घ्यायचाच असेल तर घेण्याआधी दोन्ही कडा व्हर्नियरने मोजा.

त्यात उष्णतेची भर. पातळ नळ्या बिडापेक्षा जास्त धग बाहेर टाकतात, आणि कार्बोरेटर अगदी शेजारी. लांब फेरी मारून गाडी पाच मिनिटं थांबवली की कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये साठलेलं पेट्रोल उकळायचं आणि पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागायचा. चढावर गाडी अडखळायची, प्लग पांढरट निघायचे, म्हणजे मिश्रण पातळ झालेलं. दोन्ही कार्बोरेटरचे जेटचे नट एकेक पैलू खाली घेऊन मिश्रण दाट केल्यावर अडखळणं थांबलं, उकळणं थांबलं नाही.

एवढं सोसून शक्ती तरी वाढली का? मला गाडी चालवताना तरी जाणवली नाही. कारण हेडमध्येच आहे. बी-सीरिजला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधल्या दोन सिलिंडरचा धूर हेडच्या आतच एकत्र होतो, तो बाहेरचा कुठलाही हेडर वेगळा करू शकत नाही. शिवाय मूळ बिडाचा मॅनिफोल्ड चांगला मोकळा ओतलेला आहे. रस्त्यावर चालवायच्या एमजीबीला तोच ठेवावा, हे माझं आता ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त त्रास मात्र आवाज घुमण्याचा झाला. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. ३,००० आरपीएमला सेकंदाला पन्नास फेरे, म्हणजे शंभर ठोके. हा शंभर हर्ट्झचा आवाज कानापेक्षा छातीत आणि दातांत जास्त जाणवतो. चौथ्या गिअरमध्ये ३,००० म्हणजे ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास, नेमका आपण तासन्‌तास चालवतो तो वेग. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) टाकला की आरपीएम २,५०० च्या खाली उतरून घुमणं कमी व्हायचं, पण त्यासाठी ओव्हरड्राइव्ह वापरणं मला पटेना. घरची मंडळी एका फेरीनंतर यायला तयार होईनात, ते मला फार लागलं.

चौथ्या महिन्यात बिडाचा मॅनिफोल्ड परत बसवला. नवी गॅस्केट घातली, स्टड (नट बसतात ते आटेदार दांडे) बदलले, खालच्या नळीला पितळी नट लावले. पितळ तापूनही स्टडला चिकटत नाही, पुढच्या वेळी नट सुखाने निघतो. मागे पुन्हा दोन डब्यांची स्टेनलेस सिस्टिम. यावेळी चुंबक घेऊन गेलो होतो. स्टेनलेसच्या ३०४ प्रतीच्या पत्र्याला चुंबक जवळजवळ धरत नाही, ४०९ प्रतीच्या पत्र्याला चांगला धरतो. ४०९ मध्ये क्रोमियम कमी असल्याने वरून तपकिरी डाग धरतात, तरी साध्या पोलादापेक्षा ते कितीतरी टिकतं. मी ३०४ घेतलं.

बसवताना एक चूक केली. थंड गाडीखाली पडून मागच्या क्लॅम्प आणि कंसामध्ये (ब्रॅकेटमध्ये) जेमतेम फट ठेवली. ३०४ तीनशे अंशांनी तापलं की मीटरमागे पाच मिलिमीटर वाढतं, साधं पोलाद साडेतीन. अर्ध्या तासाने क्लॅम्प कंसाला टेकून खडखडायला लागला. मग सगळे जोड ढिले केले, नळी सरळ लटकू दिली आणि मॅनिफोल्डपासून मागे मागे आवळत गेलो. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळलं. त्यानंतर हात लावावा लागलेला नाही.

आता आवाज खालच्या पट्टीतला, भरदार आहे. ॲक्सिलरेटर सोडला की हलकी गुरगुर येते, फटफट नाही. ८५ च्या वेगाला शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येतं. पुढच्या डब्याजवळ पत्र्यावर सोनेरी झाक आली आहे, मागे अजून लख्ख. गरम गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू होते. पुढची नळी मात्र आधीसारखीच खाली लोंबते. गतिरोधकावर दोनदा घासली, त्यामुळे तिथे मी गाडी तिरकी काढतो. मागच्या लोंबत्या रबराला बारीक चिरा दिसायला लागल्यात, ते या महिन्यात बदलणार आहे.